गाईच्या गर्भाचे पहिले सोळा दिवस

गाय माजावर आली, रेतन झालें, आणि तीन आठवड्यांनीं ती पुनः माजावर आली म्हणजे आपण म्हणतों, "गाय उलटली." या एका शब्दापाशीं आपला विचार बहुधा थांबतो. दोष कधीं गाईस, कधीं रेतन करणारास, तर कधीं नशिबास दिला जातो. परंतु त्या तीन आठवड्यांत गाईच्या पोटांत काय घडलें, बीज फळलेंच नाहीं कीं फळून मेलें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. या पाठांत आम्हीं तोच प्रश्न घेतला आहे. गर्भाच्या आरंभींच्या चयापचयाविषयीं व मूलपेशींविषयीं गेल्या कांहीं दशकांत जें संशोधन झालें, त्याचा आपल्या गोठ्याशीं निकटचा संबंध आहे, आणि तो कोणाही विचारी शेतकऱ्यास समजण्यासारखा आहे.

१. वहींतील चार तारखा

नवीन पनवेल ही सिडकोनें भातखाचरांवर वसविलेली वसाहत. तिच्या आसपास व गाढी नदीच्या वरच्या अंगास ज्यांची जमीन अद्याप राहिली आहे, ते भाताबरोबर एकदोन दुभतीं जनावरें बाळगून घरखर्चाचा कांहीं भाग दुधावर चालवितात. आम्हीही त्यांपैकींच एक. महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें तारीख टिपण्याची संवय हाताला जडली आहे. तिचा उपयोग असा झाला.

आमच्या एका संकरित गाईचें पहिलें रेतन व्याल्यापासून ७० व्या दिवशीं झालें. २१ दिवसांनीं ती माजावर आली; दुसरें रेतन झालें. २२ दिवसांनीं पुनः माज. तिसरें रेतन झालें. या खेपेस एकविसावा दिवस शांतपणें गेला, तिसावाही गेला, आणि गाय गाभण राहिली असें घरांत सर्वांनीं धरून चाललें. पण ३३ व्या दिवशीं माज दिसलाच. आम्हीं रेतन करणाऱ्या इसमास बोल लावला, आणि तो चुकीचा होता हें पुढें कळलें. पशुवैद्यांनीं वही पाहिली आणि गाईच्या फासळ्यांवरून हात फिरविला. ते म्हणाले कीं, तिसऱ्या खेपेस बीज फळलें होतें, गर्भ कांहीं दिवस जगलाही असावा. त्यास पोसण्याची ताकद गाईंत नव्हती. व्याल्यापासून ती भरपूर दूध देत होती, आणि आम्ही तिच्यापुढें भाताचा पेंढा व मूठभर कोंडा टाकीत होतों.

त्यांच्या सांगण्यावरून तो माज व पुढील दोन माज आम्हीं सोडून दिले, चारा सुधारला, आणि ६३ दिवसांनीं चौथें रेतन केलें. तें टिकलें. एका गाईवरून सिद्धांत बांधतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु पहिल्या रेतनापासून चौथ्यापर्यंत १३९ दिवस गेले. दिवसाचा खर्च १५० रुपये धरला तरी हा हिशेब २०,८५० रुपयांवर जातो. इतकी रक्कम ज्या कारणानें गेली तें कारण समजून घेणें प्राप्तच होतें.

२. बीजांड आणि त्याची शिदोरी

गाईचें बीजांड बाहेरील आवरण धरून सुमारें एक मिलिमीटरचा सातवा हिस्सा भरतें. मिठाच्या बारीक कणाहूनही तें लहान. शुक्रजंतूशीं त्याचा संयोग बीजवाहिनींत होतो. तेथून तें एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ असें विभागत, सुमारें चौथ्या-पांचव्या दिवशीं गर्भाशयांत उतरतें. या सबंध प्रवासांत गर्भाचा आकार वाढत नाहीं. एका भाकरीचे तुकडे करीत जावें, तशी मूळ गोळीच लहान लहान पेशींत वांटली जाते.

आतां ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, या पहिल्या दिवसांत गर्भाचा स्वतःचा कारभार सुरूच झालेला नसतो. बाप व आई या दोघांकडून आलेलीं जनुकें त्याच्यापाशीं असतात खरीं, पण तीं बहुतांशीं मिटलेलीं असतात. उंदरामध्यें तीं दोन पेशींच्या वेळीं जागीं होतात, माणसामध्यें चार ते आठ पेशींच्या सुमारास, आणि गाईमध्यें आठ ते सोळा पेशींच्या सुमारास. तोंवर गर्भ चालतो तो केवळ आईनें बीजांडांत बांधून दिलेल्या शिदोरीवर. या शिदोरींत प्रथिनें असतात, पुढील कामाच्या सूचना असतात, चरबीचे थेंब असतात, आणि ऊर्जा तयार करणाऱ्या लक्षावधि तंतुकणिका असतात. गर्भ बरेच दिवस नव्या तंतुकणिका घडवीत नाहीं. असलेल्याच वांटून घेतो. शिदोरी अपुरी असेल तर ती वाटेंत भरून निघत नाहीं.

ही शिदोरी बांधली केव्हां जाते? माजाच्या दिवशीं नव्हे. बीजांडकोशांत बीजांड वाढून पक्व होण्यास दोन-तीन महिने लागतात. म्हणून आज सुटलेलें बीजांड हें दोन-तीन महिन्यांपूर्वींच्या चाऱ्याचें फळ असतें. व्याल्यानंतर गाय जितकें खाते त्याहून अधिक दुधावाटें देते, अंगची चरबी झिजविते व रोडावते. त्या झिजेच्या काळांत वाढीस लागलेलें बीजांड पुढें कमकुवत निघतें, असा विचार अमेरिकेंतील ब्रिट नामक शास्त्रज्ञानें १९९२ सालीं मांडला. आमच्या गाईस हा विचार तंतोतंत लागू पडतो.

३. गर्भ खातो काय?

वासरूं जन्मलें कीं आपण त्यास चीक पाजतों, मग दूध, आणि रवंथ सुरू होऊं लागल्यावर कोंवळा चारा. पहिल्याच दिवशीं त्याच्यापुढें पेंढा टाकणारास आपण वेडा म्हणूं. गर्भाच्या बाबतींतही निसर्गाचा हाच क्रम आहे. फक्त तो दिवसांऐवजीं पेशींच्या संख्येवर मोजावा लागतो.

द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, हें शरीराचें मुख्य इंधन असें आपण ऐकत आलों. पण उंदराच्या गर्भांवर ब्रिन्स्टर यांनीं १९६५ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, अगदीं कोंवळा गर्भ नुसत्या ग्लुकोजवर तग धरीत नाहीं. त्यास पायरुवेट नांवाचें द्रव्य लागतें. ग्लुकोज अर्धें पचलें म्हणजे जें उरतें तेंच हें पायरुवेट. जणूं आईच्या अंगानें चावून दिलेला घांसच गर्भ घेतो. गाईच्या गर्भाचीही तीच तऱ्हा आहे. आरंभीं तो पायरुवेट, लॅक्टेट, अमिनो आम्लें व अंगची चरबी यांवर चालतो. आठ-सोळा पेशींनंतर त्याची ग्लुकोजची भूक वाढूं लागते, आणि सातव्या दिवसाच्या सुमारास ती पुष्कळच वाढलेली असते.

हें इंधन केवळ जाळण्याकरितां नसतें, हा शोध अलीकडचा आहे. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें उत्पल बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेनें २०१७ सालीं असें दाखविलें कीं, उंदराच्या गर्भाचीं जनुकें जागीं होण्याच्या वेळीं, एरवीं तंतुकणिकांत राहणारे कांहीं विकर पेशीच्या केंद्रकांत शिरतात, आणि हें घडण्यास पायरुवेट लागतें. म्हणजे जें इंधन तेंच जनुकांचें कुलूप उघडण्याच्या कामींही येतें. त्याच प्रयोगशाळेनें २०२० सालीं दाखविलें कीं, पुढील अवस्थेंत गर्भ जें ग्लुकोज घेतो त्याचा महत्त्वाचा उपयोग ऊर्जेसाठीं नसून, वार तयार करणाऱ्या बाहेरील पेशी घडविण्यासाठीं असतो. लांकूड चुलींत घालावयाचें कीं घराच्या वाशांस लावावयाचें, हा निवाडा चार-पांच दिवसांचा गर्भ करतो.

आणखी एक निरीक्षण येथें सांगण्याजोगें आहे. इंग्लंडांतील हेन्री लीस यांनीं २००२ सालीं असें मत मांडलें कीं, जो गर्भ कमी धडपड करतो, बेतानें खातो, तोच बहुधा टिकतो. ज्याच्या पेशींत मोडतोड झाली आहे तो ती दुरुस्त करण्यासाठीं अधिक इंधन जाळतो. शांत गर्भ हा निरोगी गर्भ, असा त्याचा आशय आहे.

४. दोन वाटा : शरीर आणि वार

सातव्या-आठव्या दिवशीं गाईचा गर्भ शंभराहून अधिक पेशींची एक पोकळ गोळी होतो. तीस शास्त्रांत कोरकपुटी म्हणतात. येथें पेशींच्या आयुष्यांतील पहिली मोठी वांटणी होते. बाहेरील पेशींच्या थरापासून पुढें वार होते; आंतील एका पुंजक्यापासून वासराचें सबंध शरीर, शिंगांपासून खुरांपर्यंत, घडतें. आंतील पुंजक्याच्या या पेशींना अद्याप कोणतेंही काम नेमून दिलेलें नसतें. त्या हाड होऊं शकतात, रक्त होऊं शकतात, मज्जा होऊं शकतात. यांसच गर्भीय मूलपेशी म्हणतात.

उंदराच्या गर्भांतून अशा पेशी काढून बाहेर वाढविण्याचें काम १९८१ सालीं इव्हान्स व कॉफमन यांनीं इंग्लंडांत, आणि गेल मार्टिन यांनीं अमेरिकेंत साधलें. माणसाच्या बाबतींत तें १९९८ सालीं टॉमसन यांस साधलें. गाईच्या मूलपेशी मात्र दीर्घकाळ हट्टी ठरल्या. त्या टिकाऊपणें वाढविण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. अडचण पुष्कळशी ही होती कीं, प्रत्येक जातीच्या पेशींस काय खाऊं घालावें व कोणत्या संकेतांत ठेवावें हें निराळें असतें. उंदराच्या मूलपेशी थ्रिओनिन या एका अमिनो आम्लावर विलक्षण अवलंबून असतात, हें २००९ सालीं दिसून आलें. तें काढून घेतलें कीं त्यांची वाढ खुंटते. जपानांतील यामानाका यांनीं तर २००६ सालीं उंदराच्या प्रौढ पेशी, अवघीं चार जनुकें घालून, मूलपेशींसारख्या करून दाखविल्या. त्याबद्दल २०१२ सालीं गर्डन यांजबरोबर त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

५. सोळावा दिवस

नवव्या-दहाव्या दिवशीं गर्भ आपलें कवच फोडून बाहेर येतो. अद्याप तो गर्भाशयास चिकटलेला नसतो. गर्भाशयाच्या स्त्रावावर पोसत तो मोकळाच राहतो. बाराव्या-चौदाव्या दिवसानंतर तो झपाट्यानें लांबतो, आणि डोळ्यांस न दिसणारी गोळी कांहीं दिवसांत बोटाहून लांब असा दोरा होते. याच वेळीं त्याच्या बाहेरील पेशी इंटरफेरॉन नांवाचें एक द्रव्य सोडतात. तें द्रव्य म्हणजे आईच्या दारीं टाकलेली हांकच होय. ती हांक सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत पुरेशा जोरानें पोहोंचली, तर बीजांडकोशांतील पीतपिंड टिकतो, त्याचें प्रोजेस्टेरॉन चालूं राहतें, व गाय गाभण ठरते. हांक पोहोंचली नाहीं तर पीतपिंड विरघळतो, आणि एकविसाव्या दिवशीं माज येतो. जणूं कांहीं झालेंच नव्हतें.

दोरा आखूड राहिला तर हांक क्षीण पडते. आणि दोरा किती लांबेल हें बीजांडाच्या शिदोरीवर व गर्भाशयाच्या स्त्रावावर अवलंबून असतें. पाश्चात्य देशांतील गाईंच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, रेतनानंतर बीज फळण्याचें प्रमाण शेंकडा ९० च्या आसपास असूं शकतें; पण एका रेतनापासून वासरूं हातीं येण्याचें प्रमाण शेंकडा ५५ च्या सुमारास राहतें, आणि भरपूर दुधाच्या गाईंत तर त्याहूनही कमी. मधल्या नुकसानीपैकीं बहुतेक भाग आठव्या ते सोळाव्या दिवसांत होतो. म्हणजे आपण ज्यास "गाय उलटली" म्हणतों, त्यांत पुष्कळदां एक गर्भ येऊन गेलेला असतो.

यावरून तारखांचा अर्थ लावतां येतो. माज १८ ते २४ दिवसांत परतला, तर बीज फळलें नसेल किंवा गर्भ सोळाव्या दिवसाआधीं गेला असेल. माज २५ ते ३५ दिवसांत परतला, तर गर्भानें हांक दिली होती, पण तो पुढें टिकला नाहीं, असा संशय घ्यावा. मधला एखादा माज आपल्या नजरेंतून सुटला असेल ही शंकाही जमेस धरावी. रेतन करणाऱ्याचा हात दोषी कीं गव्हाण दोषी, याचा निवाडा तारखेवांचून होत नाहीं.

६. परळ आणि कर्नाल

हें शास्त्र केवळ परदेशांत वाढलें असें नव्हे. मुंबईंत परळ येथें के. ई. एम. रुग्णालय व प्रजनन संशोधनाची सरकारी संस्था या दोहोंच्या सहकार्यानें, डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं, ६ ऑगस्ट १९८६ रोजीं शरीराबाहेर फळविलेल्या बीजापासून एक मुलगी जन्मली. त्याच संस्थेंत पुढें मानवी मूलपेशींच्या दोन वाणांची पैदास झाली व तिचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला.

येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीं असेंच अपत्य ३ ऑक्टोबर १९७८ रोजींच जन्मास आणल्याचें सांगितलें होतें. त्यांचें म्हणणें त्या काळीं कोणीं मानलें नाहीं, आणि १९८१ सालीं त्यांनीं आपलें जीवन संपविलें. पुढें आनंदकुमार यांनीं स्वतः त्यांचीं टिपणें पाहिलीं, आणि १९९७ सालीं लेख लिहून पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा असल्याचें जाहीर केलें. आपल्या नांवावरील नोंद दुसऱ्याच्या नांवें फिरवून देणारा मनुष्य विरळा. आणि जपून ठेवलेलीं टिपणें माणसामागेंही साक्ष देतात, हा धडाही त्यांत आहेच.

जनावरांच्या बाबतींत हरियाणांतील कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचें काम मोठें आहे. शरीराबाहेर फळविलेल्या बीजापासून म्हशीचें पारडूं तेथें १९९० सालीं जन्मलें. २२ ऑगस्ट २०१० रोजीं जन्मलेली 'गरिमा-२' ही पारडी तर गर्भीय मूलपेशीपासून घडविलेली होती. ती पुढें २५ जानेवारी २०१३ रोजीं रीतसर व्याली. आपल्याकडे उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या 'बाएफ' संस्थेनें कृत्रिम रेतन खेड्यांतील गोठ्यापर्यंत पोहोंचविलें, हें वाचकांस ठाऊकच आहे.

मात्र एक सावधगिरी. प्रयोगशाळेंत तयार केलेला उत्तम गर्भही शेवटीं कोणत्या तरी गाईच्या पोटांतच ठेवावा लागतो. ती गाय उपाशी असेल तर उंची वाणाचा गर्भही सोळाव्या दिवशीं हांक देऊं शकणार नाहीं. तसेंच, मूलपेशींच्या नांवावर माणसांच्या नाना रोगांवर महागडे उपचार विकले जातात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें, रक्ताच्या कांहीं विकारांतील मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा उपयोग रीतसर परवानगीच्या चांचणीबाहेर करतां येत नाहीं. वाचकांनीं अशा जाहिरातींपासून दूर राहावें.

७. गोठ्यांत काय करावें

पहिली गोष्ट, चारा आधीं सुधारावा. रेतनाच्या आठवड्यांत आंबोण वाढवून उपयोग थोडा. व्याण्यापूर्वीं दोन महिने व व्याल्यानंतर तीन महिने हा खरा हंगाम. भाताच्या पेंढ्यांत प्रथिनें शेंकडा तीन-चारच असतात. तेवढ्यावर पोटांतील जंतूही नीट पोसत नाहींत. पेंढ्याबरोबर हिरवी वैरण, पेंड व थोडें धान्य द्यावें, आणि क्षारमिश्रण रोज सुमारें ५० ग्रॅम द्यावें. रेतनाच्या वेळीं गाईच्या फासळ्या दुरून मोजतां येऊं नयेत.

दुसरी, युरियाचा अतिरेक करूं नये. युरिया लावलेला पेंढा उपयोगी आहे. पण धान्य, मळी यांसारखें ऊर्जेचें खाद्य सोबत नसेल तर रक्तांतील युरिया वाढतो, गर्भाशयांतील आम्लता बदलते, आणि तें वातावरण कोंवळ्या गर्भास मानवत नाहीं. मोकळा युरिया तर गव्हाणींत पडूं देऊं नये. तो विषच होय.

तिसरी, रेतनानंतरचे तीन दिवस गाईस उन्हापासून जपावें. फ्लोरिडांतील १९९३ च्या प्रयोगांत असें दिसलें कीं, पहिल्या दिवशीं उष्णतेनें गर्भाची मोठी हानि होते, तिसऱ्या दिवसापासून तो बराच सोशीक बनतो. चैत्र-वैशाखांत रेतन केलेल्या गाईस मैलभर चरावयास पाठवूं नये. सावली व मुबलक पाणी द्यावें. वशिंडाच्या जातींचे गर्भ उष्णता अधिक सोसतात, असेंही आढळलें आहे. आपल्या भागांतील कोंकण कपिला या जातीस २०१८ सालीं स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. दूध थोडें म्हणून तिला अगदींच मोडीत काढूं नये.

चौथी, माज व रेतन यांची वेळ पाळावी. सकाळीं माज दिसल्यास संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसल्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं रेतन करावें. शिळें झालेलें बीजांड फळलें तरी त्याची शिदोरी उतरलेली असते.

पांचवी, वही ठेवावी. व्याल्याची तारीख, प्रत्येक माज, प्रत्येक रेतन आणि त्या दिवसांतील चारा, इतकें लिहिलें तरी पुरे. तिसऱ्या रेतनानंतरही गाय उलटली तर ही वही घेऊन पशुवैद्याकडे जावें; गर्भाशयाचा रोग असेल तर तो चाऱ्यानें बरा होणार नाहीं, त्यास औषधच हवें.

असो. आमची ती गाय चौथ्या रेतनापासून २७९ व्या दिवशीं व्याली, कालवड झाली. ज्या इसमास आम्हीं बोल लावला होता, त्यास बोलावून आम्हीं खरवस दिला, आणि वही दाखवून आमची चूक कबूल केली. शेतकरी बंधूंनीं आपली वही आजच उघडावी, म्हणजे असें ओशाळें होण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं.